एकच गर्भपिशवी, दोन सोनोग्राफ्या आणि दोन वेगळी निदानं: पिशवीच्या ठेवणीबद्दल बोलूया का?

मृण्मयी_क (धागाकर्ती)

नमस्कार. बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि तेही जरा अवघड विषयावर.

गेल्या वर्षी दिवस राहिले होते. नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले. मग तपासण्या सुरू झाल्या. पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'बायकॉर्न्युएट युटेरस' आलं. दुसरीकडे केली तर 'सेप्टेट युटेरस', आणि सोबत पडदा कापून घेण्याचा सल्ला. सासूबाईंनी या सगळ्याचा अर्थ 'पिशवी फाटलेली आहे' असा लावलाय आणि तोच आता नातेवाइकांत फिरतोय.

इथे उपचार मागत नाहीये, त्यासाठी डॉक्टर आहेत. मला एवढंच समजून घ्यायचंय की एकाच पिशवीचे दोन आकार निघाले कसे? आणि हे जन्मापासूनचं असेल तर इतकी वर्षं पाळी वेळच्या वेळी येऊनही कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

नलूआत्या

वाचलं गं. सासूबाईंना सांग, फाटलेल्या पिशवीत नऊ आठवडे गर्भ राहत नसतो. बाकीचं कावेरी आली की नीट सांगेल.

डॉ_कावेरी

आलेच.

मृण्मयी, दोघांनाही आतली पोकळी वरच्या बाजूला दोन भागांत विभागलेली दिसली. तिथपर्यंत दोघंही बरोबर आहेत. फरक ठरतो तो पिशवीच्या माथ्यावर, म्हणजे फंडसवर, आणि तोही बाहेरून. माथा बाहेरून गोलसर किंवा सपाट असेल आणि आत फक्त पडदा उतरला असेल तर ती सेप्टेट. माथ्यालाच बाहेरून १ सेंमीपेक्षा खोल खाच असेल तर बायकॉर्न्युएट. पहिल्या प्रकारात घर एकच, मधली भिंत पाडायची राहून गेलेली. दुसऱ्यात वरच्या बाजूला घरंच दोन होतात.

साध्या सोनोग्राफीत पिशवीचे उभे आणि आडवे छेद मिळतात. समोरून पाहिल्यावर दिसेल तसा छेद सहसा मिळत नाही, आणि माथ्याची रेघ नेमकी त्यातच दिसते. त्यासाठी थ्री-डी सोनोग्राफी लागते, शक्यतो पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात. तेव्हा आतलं अस्तर जाड असतं, पोकळीचा आकार पांढरा ठसठशीत उमटतो. तरीही शंका राहिली तर एमआरआय. नळ्या तपासायला औषध सोडून जो एक्स-रे काढतात, एचएसजी, त्यात फक्त आतली पोकळी भरते, बाहेरची कड दिसतच नाही. एचएसजीवर 'बायकॉर्न्युएट' लिहून आलेल्या कितीतरी बायका प्रत्यक्षात सेप्टेट निघतात.

आणि पाळीचं म्हणशील तर अस्तर दोन्ही बाजूंना असतं, दोन्हीकडचं रक्त खाली एकाच वाटेने बाहेर येतं. मग लक्षात यायचं कसं?

मृण्मयी_क

थ्री-डी कुणी सुचवलीच नव्हती. मागून घेते. पण मुळात असं होतंच का?

हाडामासाचा_मास्तर

मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतो, म्हणून ही बाजू माझी.

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असतो तेव्हा मुलगा असो वा मुलगी, दोघांच्याही पोटात नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी वोल्फच्या नावाने ओळखली जाते, दुसरी म्युलरच्या. योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तिचं वर्णन केलं. मुलाच्या वृषणातून एक संप्रेरक सुटतं आणि म्युलरच्या नळ्या विरून जातात. मुलीत त्या टिकतात. वरचे भाग वेगळेच राहतात, त्या झाल्या बीजवाहिन्या. खालचे भाग जवळ येतात, जुळतात आणि त्यांची पिशवी होते. योनीचा वरचा भागही त्यांच्यातूनच येतो. जुळल्यावर मधे दोघींच्या भिंतींचा मिळून पडदा उरतो, तो पुढे विरघळतो. विसाव्या आठवड्याच्या आसपास हे सगळं उरकलेलं असतं.

आता कुठे काय अडलं ते बघा. नळ्या तयारच झाल्या नाहीत तर पिशवी नाही. एकच नीट वाढली तर अर्धी पिशवी, एकशिंगी, म्हणजे युनिकॉर्न्युएट. दोन्ही वाढल्या पण जुळल्याच नाहीत तर दोन पिशव्या, गर्भाशयाची दोन मुखं, म्हणजे डायडेल्फिस. अर्धवट जुळल्या तर बायकॉर्न्युएट. पूर्ण जुळल्या पण पडदा राहिला तर सेप्टेट. एवढं डोक्यात बसलं की वर्गीकरणाचे तक्ते पाठ करावे लागत नाहीत. मुलांना दरवर्षी हेच सांगतो, मुलं दरवर्षी तक्तेच पाठ करतात.

जाता जाता: मुलांतही म्युलरच्या नळ्यांचा एक टिपका प्रोस्टेटमध्ये उरतो. आणि ते संप्रेरक काम करेनासं झालं तर पुरुषाच्या पोटात चक्क गर्भपिशवी राहते. अशा पुरुषांचं निदान बऱ्याचदा हर्नियाच्या ऑपरेशनच्या टेबलावर होतं.

बिरोबाचा_माळ

मास्तर, तुमच्या या संप्रेरकाचा प्रताप आमच्या गोठ्यात बघायला या. मी जनावरांचा डॉक्टर.

गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक वांझ निघते. जुने शेतकरी तिला आधीच विकून मोकळे होतात. कारण असं की जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, गोऱ्ह्याचं संप्रेरक कालवडीच्या रक्तात उतरतं आणि तिच्या म्युलरच्या नळ्या खुरटतात. बाहेरून कालवड दिसायला चांगली, आत गर्भाशय नावालाच.

आणि ताई, तुम्ही ज्याला घाबरताय तो बायकॉर्न्युएट आमच्याकडे रोजचा. गाय, म्हैस, शेळी, कुत्री, डुकरीण, सगळ्यांना दोन शिंगांचंच गर्भाशय. रेतन करताना आम्ही हाताने शिंगं चाचपूनच अंदाज घेतो. वासरू एका शिंगात वाढतं, उजव्यात जास्त वेळा. कुत्रीची शिंगं लांबलचक, पिल्लं त्यात ओळीने. सशिणीला तर दोन गर्भाशयं आणि दोन मुखं. एकसंध पिशवी म्हणजे मुख्यतः माकडांची आणि माणसांची खासियत.

नलूआत्या

मृण्मयी, हे मात्र सासूबाईंना सांगू नकोस हो.

मृण्मयी_क

😄 नाही सांगत. पण बरं वाटलं वाचून.

आकडेमोड

हे किती जणींना असतं ते कुणी लिहिलं नाही. २०११ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सरसकट सगळ्या बायकांत ५.५ टक्के, वंध्यत्वासाठी आलेल्यांत ८, गर्भपात झालेल्यांत सुमारे १३. गर्भपात आणि वंध्यत्व दोन्ही असलेल्यांत २४.५. म्हणजे रांगेतल्या साधारण अठराव्या बाईच्या पिशवीची ठेवण काहीतरी निराळी असते आणि तिला पत्ताही नसतो. त्यातल्या बहुतेक 'आर्क्युएट', म्हणजे माथा आतून किंचित खाली आलेला. आर्क्युएटला बरेच जण आता दोषच मानत नाहीत.

डॉ_कावेरी

हो. आणि 'किंचित' म्हणजे किती, यावरून जगात दोन तट आहेत. युरोपातल्या संस्थांनी २०१३ मध्ये नवं वर्गीकरण आणलं. त्यात आतली खाच पिशवीच्या भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त असली की सेप्टेट. अमेरिकेतल्या संस्थेच्या २०२१ च्या वर्गीकरणात खाच १ सेंमीपेक्षा खोल हवी आणि तिचा कोन ९० अंशांपेक्षा कमी. भिंत जर १ सेंमी जाड असेल तर ६ मिलिमीटरची खाच युरोपात पडदा ठरते आणि अमेरिकेत नॉर्मल. बाई तीच, मशीन तेच.

म्हणून माझा आग्रह: रिपोर्टात नुसतं नाव नको. माथ्याची बाहेरची रेघ कशी आहे, आतली खाच किती मिलिमीटर, पडदा मुखापर्यंत आलाय की वरच थांबलाय, हे लिहून मागा.

सई_पनवेल

माझा अनुभव सांगते. दोन गर्भपात झाले, मग सेप्टेट निघाली. दुर्बिणीतून पडदा कापला. पोटावर मोठा छेद नाही, योनीमार्गातूनच आत जातात, संध्याकाळी घरी. पुढच्या खेपेला मुलगी झाली, आता बालवाडीत जाते. मृण्मयी, वेळ घालवू नकोस, कापून टाक.

आकडेमोड

सईताई, मुलीला आशीर्वाद. पण पडदा कापल्यामुळेच मुलगी झाली हे कशावरून? २०२१ मध्ये यावरची पहिली यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. ८० बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून निम्म्यांचा पडदा कापला, निम्म्यांचा नाही. कापलेल्यांत ३१ टक्क्यांना जिवंत मूल झालं, न कापलेल्यांत ३५ टक्क्यांना. वर एकीच्या पिशवीला शस्त्रक्रियेत भोक पडलं.

सई_पनवेल

दोन वेळा रिकाम्या हाताने दवाखान्यातून घरी आलेल्या बाईला टक्के सांगू नका. मला जे झालं ते मी लिहिलं.

आकडेमोड

अनुभव खोटा म्हणत नाही. 'कापून टाक' या सल्ल्याबद्दल बोलतोय.

डॉ_कावेरी

दोघंही जरा थांबा.

ती चाचणी मोलाची आहे, पण ८० म्हणजे फार थोड्या. त्या गोळा करायलाही २०१० ते २०१८ इतका काळ गेला, आणि त्यांत गर्भपातवाल्या, मूल न राहणाऱ्या, आधी बाळ अपुऱ्या दिवसांचं झालेल्या, सगळ्या एकत्र होत्या. त्यावरून 'पडदा कापणं निरुपयोगी' असं म्हणता येत नाही. 'पडदा दिसला की कापा' हेही आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझ्यापुरतं सांगते. एकापाठोपाठ गर्भपात झालेत, पडदा खोल आहे, दुसरं कारण सापडत नाही, तर मी शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवते. एकच गर्भपात झालाय तर घाई करत नाही, कारण सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्याच गुणसूत्रांतल्या बिघाडाने होतात, पिशवी कशीही असो. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही.

आणि खरा घोटाळा पुढे आहे. पिशवी प्रत्यक्षात बायकॉर्न्युएट असेल आणि सेप्टेट समजून आतून कापायला गेलं तर कात्री माथ्यातून आरपार पोटात. म्हणून आधी बाहेरची रेघ. बायकॉर्न्युएटमध्ये दोन शिंगं शिवून एक करण्याची जुनी शस्त्रक्रिया आहे, पण ती आता क्वचितच करतात. बहुतेकींना मुलं होतात. दिवस लवकर भरण्याची आणि बाळ आडवं किंवा पायाळू राहण्याची शक्यता जास्त, म्हणून लक्ष ठेवायचं, मुख आखूड होतंय का ते बघायचं आणि गरज पडली तर टाका घालायचा.

नलूआत्या

आमचे धाकटे काका पायाळू. गावात विहीर खणायची झाली की पाणी दाखवायला त्यांनाच न्यायचे. वीज पायाळूवर पडते म्हणून पावसात आजी त्यांना घराबाहेर सोडत नसे. आजीच्या पिशवीला शिंगं होती की काय कोण जाणे!

डॉ_कावेरी

आत्या, पायाळू बाळांच्या बहुतेक आयांची पिशवी अगदी साधी असते. पण एकाच बाईची सगळी बाळं पायाळू निघाली तर मात्र मी पिशवी तपासते.

मृण्मयी, एक राहिलं. तुझ्या किडन्या बघितल्यात का?

मृण्मयी_क

किडन्या?? त्यांचा काय संबंध?

हाडामासाचा_मास्तर

फार जवळचा. मघाशी नळ्यांची पहिली जोडी सांगितली ना, वोल्फची, तिच्याच बुडातून मूत्रपिंडाचा अंकुर फुटतो. आणि म्युलरची नळी खाली उतरते तीही वोल्फच्या नळीचा आधार घेत. त्यामुळे एका बाजूला गडबड झाली की दोन्हींना फटका बसतो. एकशिंगी पिशवी असलेल्यांत सुमारे ४० टक्के जणींच्या मूत्रमार्गात काही ना काही निराळं सापडतं, बहुधा ज्या बाजूचं शिंग नाही त्याच बाजूची किडनी नसते. बीजकोश मात्र वेगळ्या मुळातून येतात, म्हणून ते ठणठणीत असतात. पिशवी अजिबात नसलेल्या मुलीतही.

डॉ_कावेरी

याचीच एक दगा देणारी तऱ्हा आहे. दोन पिशव्या, त्यांतल्या एकीची वाट खाली बंद, आणि त्या बाजूची किडनी नाही. मुलीला पाळी येते, कारण दुसरी बाजू मोकळी असते. पण दर महिन्याला बंद बाजूला रक्त साचत जातं आणि दुखणं वाढत जातं. घरचे म्हणतात, पाळीत दुखतंच. लहानपणी एकच किडनी असल्याचं कळलेल्या मुलीच्या पाळीतलं दुखणं महिन्यागणिक वाढत असेल तर सोनोग्राफी करून घ्याच.

एकशिंगीतही दुसरं खुरटलेलं शिंग कधीकधी मागे उरतं. त्यात अस्तर असेल आणि वाट नसेल तर ते काढून टाकणं बरं. त्यात गर्भ राहिला तर दुसऱ्या तिमाहीत ते फुटतं, आणि फुटलं की जिवावर बेततं.

गार्गी_ना

अवांतर विचारते. माझ्या रिपोर्टात 'रेट्रोव्हर्टेड' लिहिलंय. म्हणजे पिशवी उलटी? एका डॉक्टरांनी तर पिशवी काढून टाकू असंही सुचवलं. वय ३४, दोन मुलं, तक्रार फक्त कंबरदुखी.

डॉ_कावेरी

कशासाठी काढायची? बहुतेकींची पिशवी पुढे, मूत्राशयावर झुकलेली असते. साधारण पाचातल्या एकीची मागे. डावखुरं असण्याइतकंच ते साधं आहे. गरोदरपणात ती चौथ्या महिन्यापर्यंत आपसूक वर येते. मागे चिकटून हलेनाशी झाली असेल, पाळीत आणि संबंधांत फार दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार करायचा. नुसती मागे झुकलेली असणं हा आजार नव्हे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे.

बांधावरची

हेच बीडकडे झालं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असं भिववून तिशी-पस्तिशीत पिशव्या काढल्या. २०१९ ला बोंब झाली, सरकारने समिती नेमली. पाळी आली की खाडा, खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, म्हणून बायाही तयार व्हायच्या. इथं तुम्ही मिलिमीटर मोजताय. आमच्याकडे कित्येक बायांना आपल्या रिपोर्टात काय लिहिलंय हे कुणी वाचूनसुद्धा दाखवलं नाही.

गार्गी_ना

🙏 दुसरं मत घेते.

अनामिक

आयडी लपवून विचारतेय. माझी भाची १७ वर्षांची, अजून पाळी नाही. बाकी वाढ वयाप्रमाणे. वहिनी म्हणते आमच्याकडे उशिराच येते.

डॉ_कावेरी

आणखी वाट बघू नका. छातीची वाढ झाली आहे आणि पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही, तर तपासणी करायचीच. सोनोग्राफी, संप्रेरकं आणि गुणसूत्रांची तपासणी. कारणं अनेक असतात, काही अगदी साधी. त्यांतलं एक म्हणजे एमआरकेएच: साधारण ४५०० ते ५००० मुलींत एकीला गर्भपिशवी आणि योनीचा वरचा भाग तयारच झालेला नसतो. बीजकोश चांगले, गुणसूत्रं मुलीचीच. योनीमार्गासाठी बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही, डायलेटरने हळूहळू जागा करता येते. पण ते मुलीच्या मनाची तयारी झाल्यावर, लग्न ठरलं म्हणून घाईघाईने नव्हे.

आणि जे काही निघेल ते आधी तिला सांगा. आईवडिलांना माहीत आणि मुलीलाच नाही, असं मी नको तितक्या वेळा बघितलंय.

कसबा_पेठी

पिशवी नसलेल्यांसाठी प्रत्यारोपणही होतं ना आता? आपल्या पुण्यातच झालं.

डॉ_कावेरी

हो. स्वीडनमध्ये २०१४ ला प्रत्यारोपित पिशवीतून पहिलं मूल जन्मलं. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण पुण्यात, गॅलेक्सी केअरमध्ये, मे २०१७ मध्ये झालं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथेच देशातली अशी पहिली मुलगी जन्माला आली. पिशवी आजीची, म्हणजे जिच्यात मुलीची आई वाढली तीच.

पण पेपरात येत नाही ते असं: बीजवाहिन्या जोडत नाहीत, म्हणून आयव्हीएफ लागतंच. शरीराने पिशवी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज. बाळंतपण सिझेरियनने. आणि एकदोन मुलांनंतर पिशवी परत काढतात, कारण ती औषधं जन्मभर घेणं परवडणारं नाही. दुसरी वाट सरोगसीची. २०२१ च्या कायद्यात पैसे घेऊन ती करायला बंदी आहे, पण पिशवी नसणं हे कारण मान्य आहे.

तेजू_एडिसन

उशिरा आले धाग्यावर. मी मास्तरांच्या यादीतली डायडेल्फिस: दोन पिशव्या, दोन मुखं, योनीतही उभा पडदा. कळलं कसं, तर कॉलेजात टॅम्पॉन वापरूनही कपडे खराब व्हायचे. एका बाजूला टॅम्पॉन, दुसरी बाजू मोकळी! इथल्या डॉक्टरीणबाईंना तपासताना पडदा हाताला लागला.

बांगलादेशात २०१९ मध्ये एकीला एक मूल झालं आणि २६ दिवसांनी दुसऱ्या पिशवीतून जुळं, ही बातमी मला निदान दहा जणांनी पाठवली. डिसेंबर २०२३ मध्ये अलाबामात दोन पिशव्यांतल्या दोन मुली लागोपाठच्या दोन दिवशी जन्मल्या, तीही आली. माझी एकच मुलगी, उजव्या पिशवीतली, पस्तिसाव्या आठवड्यात. डावीला तेवढ्यात काही कामच नव्हतं, पण तीही उगीच फुगली होती.

कावेरी, एक प्रश्न. आता पाळणा लांबवायचाय. तांबी चालेल का?

डॉ_कावेरी

एका बाजूला बसवली तर दुसरी बाजू उघडीच. दोन्हीकडे दोन बसवल्याची उदाहरणं आहेत, पण तुझ्या बाबतीत मी गोळ्या किंवा इंजेक्शनचा विचार आधी करेन. तांबी हवीच असेल तर दोन्ही पोकळ्यांची मापं घेतल्याशिवाय नको, कारण अर्ध्या पिशवीत ती नीट बसत नाही.

आणि पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, दोन्ही मुखांचा करून घेतेस ना? डॉक्टर बदललीस की दर वेळी आठवण करून द्यावी लागेल. नमुन्याच्या बाटल्या दोन, एकीवर 'डावी', दुसरीवर 'उजवी' असं तुझ्यासमोर लिहून घे.